तेवीस किलो

खोकं मिळालं मिरज रोडला, मुजावरांच्या दुकानात, फुकट.
वर एका पोरीचं चित्र, गुलाबी सायकलवर, दोन वेण्या.
"आत काय आहे कोण बघतंय," दस्तगीरभाई म्हणाले,
"चिकटपट्टी मात्र ब्राऊन घ्या. पांढरी उन्हात सुटते."

हॉलमध्ये जुने पेपर अंथरून
तिला उलटी केली.
उजवं पेडल निघालं.
डावं निघेना.
पाना घसरला, बोटाचं सालपट गेलं,
तेव्हा आठवलं, डाव्याचे आटे उलटे असतात.
सत्तेचाळीस वर्षांत मी किती गोष्टी
सोडवतेय असं समजून
आवळत बसले असेन.
असो. दोन थेंब तेल घातलं, निघालं.

मग टायरमधली हवा सोडली.
ती हरिपूरची होती,
संगमावर पंक्चर झालं त्या रविवारची,
भडंगवाल्याच्या पोरानं पंप मारून दिलेली.
फुस्स करून हॉलभर झाली.

चाक काढल्यावर पुढचा चिमटा दबतो,
म्हणून मधे लाकूड अडकवायचं.
मिरजेहून आणलेला तुणाचा तुकडा
कुठल्याशा तंबोऱ्यातून उरलेला,
बरोबर बसला.

विश्वंभर खुर्चीत बसून यादी वाचतो:
माचिस चालत नाही.
गॅसचा डबा चालत नाही.
पॉवरबँक विमानाच्या पोटात नाही, हातात.
स्टोव्हची बाटली तीनदा साबणानं धुतली, एकदा लिंबानं.
त्यानं नाक लावलं.
"रॉकेल," म्हणाला, आणि पुढचं वाचलं:
ख्राइस्टचर्चला उतरल्यावर विचारतात,
तंबूला, बुटांना, चाकांना
माती लागलेली आहे का?

मग दात घासायचा जुना ब्रश घेऊन मोरीत बसले.
तंबूच्या अठरा खुंट्या.
सागरेश्वरची तांबडी,
दंडोबाची मुरमाड,
हरिपूरची काळी, नखात शिरणारी.
पाणी आधी वेगवेगळ्या रंगांचं गेलं,
मग नुसतं गढूळ.

सगळ्यात शेवटी सीटचा दांडा उपसला
आणि फ्रेम आडवी करताना
पेपरवर काहीतरी सांडलं.
करडं. पिठासारखं मऊ.

पुराच्या वर्षी ती जिन्याखाली राहिली होती.
नऊ दिवस.
आम्ही विट्याला, आत्याच्या माडीवर.
नंतर दोनदा सर्व्हिसिंग केलं, बेअरिंग बदलली, रंग दिला,
दांड्याच्या नळीत कुणी पाहिलंच नाही.
पंचनाम्याला आलेल्या पोराला
गेलेल्या वस्तूंची यादी दिली तेव्हा
सायकल लिहिली नव्हती,
ती गेली नव्हती म्हणून.

विश्वंभरनं यादी खाली ठेवली.
मी टिचक्या मारल्या, अजून आला.
तारेला जुना बनियन गुंडाळून आत फिरवला, अजून.
चहाच्या बशीत मावला सगळा.
फेकायचा कुठे हे दोघांनाही कळेना.
शेवटी कढीपत्त्याच्या कुंडीत.

वजनाला मार्केट यार्डात,
हळदीच्या वखारीतला काटा खरा असतो.
निंगाप्पानं खोकं एकट्यानं चढवलं. पंचवीस चारशे.
"विमानवाला कडता धरत नाय व्हय?"
नाही म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं.
तिथंच पट्टी फाडली.
दुसरं पातेलं बाहेर, साखळीचं कुलूप बाहेर,
फोल्डिंग स्टूल त्यालाच दिलं, लगेच बसून बघितलं त्यानं.
बावीस नऊशे.

उचललं तर खोक्याचं बूड पिवळं जर्द.
ओल्या फडक्यानं पुसलं, आणखी पसरलं.
गुलाबी सायकलवाल्या पोरीच्या पायाशी
आता उकिरड्यावरच्या ऊनासारखं काहीतरी आहे.
विमानात द्यायचा तो फॉर्म मी घरीच पेन्सिलीनं भरून पाहिला.
माती: नाही.
हळदीला रकाना नव्हता.

रात्री साडेनऊला, विश्रामबाग चौकात, मुंबईची गाडी.
क्लीनरनं डिकी उघडली, खोक्याला हात लावून म्हणाला,
"टीव्ही हाय काय?"
बाण वरच्या दिशेला काढलेत, हे त्याला सांगून
काही उपयोग नव्हता.
होय, म्हणाले. टीव्ही.
"मग उभाच ठेवतो."